दोन रात्री साहेबाच्या खुर्चीत

'कलोनिअल चार्म' या दोन शब्दांना मराठी प्रतिशब्द शोधू नये, असे माझे मत आहे. पोट भरण्यासाठी प्रतिशब्दच शोधणाऱ्या बाईने हे म्हणावे, हे विचित्र वाटेल. पण म्हणते.

निमित्त घरगुती आहे. लग्नाला पंधरा वर्षे होताहेत, मुलगी आजीकडे राहायला तयार आहे आणि जबलपूरहून दोन रात्रींसाठी दोघांनीच जायचे तर पचमढी. सकाळच्या गाडीने पिपरिया, तिथून पन्नासेक किलोमीटरची वळणे, की आपण सातपुड्याच्या माथ्यावर. नवरा आणि मी मुक्कामाची ठिकाणे बघत बसलो. हिंदी, इंग्रजी आणि मराठीतही मजकूर एकच: ब्रिटिशकालीन बंगला, व्हरांड्यातली वेताची खुर्ची, साहेबी थाट, जोडीदारासोबत त्या काळात हरवून जा.

कुठल्या काळात?

आम्ही ज्या शहरातून निघणार, तिथूनच मोजू. १८ सप्टेंबर १८५७ रोजी जबलपुरात गढा-मंडल्याच्या गोंड राजघराण्यातले शंकरशाह आणि त्यांचा मुलगा रघुनाथशाह यांना तोफेच्या तोंडी दिले. त्यांच्याविरुद्धच्या पुराव्यांत एक पद्य होते. सरकारी जाहीरनाम्याच्या कागदामागे लिहिलेले ते देवीला घातलेले साकडे होते: शत्रूंचा संहार कर. त्याचे इंग्रजी भाषांतर सरकारदप्तरी गेले. चर्चासत्रांत आपण मुळाशी निष्ठा, लय, ध्वनी यांबद्दल तासन्‌तास बोलतो. एका कवितेचे भाषांतर पुरावा म्हणून वापरले गेले, आणि तेही आपल्या गावात, हे मला कुणी वर्गात शिकवले नाही.

आता पचमढी. या डोंगरांतला कोरकू जहागीरदार भभूतसिंग याने तात्या टोप्यांना साथ दिली आणि इंग्रजांशी जंगलातून लढत राहिला. १८६० मध्ये त्याला जबलपुरात मृत्युदंड झाला. दोनच वर्षांनी, १८६२ मध्ये, कॅप्टन फोर्सिथने पचमढीत बायसन लॉज बांधले. भभूतसिंगाकडून जप्त केलेले बोरीचे जंगल १८६५ मध्ये राखीव झाले. देशातल्या पहिल्या राखीव जंगलांत ते मोजले जाते. पुढे मध्य प्रांताचे सरकार उन्हाळ्यात इथे हलू लागले आणि बंगले उभे राहिले. माहितीपत्रकातली हिरवाई आणि व्हरांडा असे एकामागून एक आले. 'पचमढीचा शोध फोर्सिथने लावला' हे वाक्य मात्र अजून जिवंत आहे. ज्या डोंगरात हजारो वर्षांपूर्वी माणसाने खडकांवर चित्रे काढली, त्याचा हा शोध!

यावर मित्रमंडळींचे उत्तर ठरलेले असते. प्रत्येक दगडाखाली रक्त शोधाल तर फिरायचे कुठे? शनिवारवाड्यातही खून झालाच होता. झाला होता, १७७३ मध्ये. आणि म्हणूनच शनिवारवाड्यात पाय ठेवणारा प्रत्येक जण नारायणरावांची गोष्ट ऐकतो. 'गारद्यांच्या काळात हरवून जा' अशी जाहिरात अजून कुणी केलेली नाही. तिथे खून सांगून वाडा दाखवतात. पचमढीत खून वगळून व्हरांडा भाड्याने देतात. माझे भांडण व्हरांड्याशी नाही, या वगळण्याशी आहे.

नावे बदलून हे भागत नाही. फोर्सिथ पॉइंटचे प्रियदर्शिनी पॉइंट झाले, पाहणाऱ्याची नजर तीच राहिली. 'फेअरी पूल'चे 'अप्सरा विहार' झाले, आणि गाइड आजही सांगतात की डोहात न्हाणाऱ्या गोऱ्या मडमा पाहून इथल्या लोकांना त्या अप्सराच वाटल्या. पाहणाऱ्या कोरकू बाईला खरोखर काय वाटले, हे या गोष्टीत कुठेच येत नाही. जून २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने भभूतसिंगाच्या स्मरणार्थ पचमढीत बैठक घेतली, हे चांगलेच झाले. पण हॉटेलच्या पत्रकात तो अजून आलेला नाही.

आपल्या भाषेचीही यात थोडी साथ आहे. 'वसाहत' हा शब्द वसण्यातून आला. रेल्वे कर्मचाऱ्यांची वसाहत म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे दोरीवर वाळणारे कपडे येतात. 'वसाहतकालीन' म्हटले की तोफ दिसत नाही. 'इंग्रजी अमदानी' म्हटले की निदान कुणीतरी अंमल करत होते आणि कुणावर तरी तो होत होता, एवढे कळते.

आणि मराठी माणसाला या डोंगरात जायला साहेबाची वाट लागत नाही. नागपंचमीला नागद्वारी आणि महाशिवरात्रीला चौरागड इथे विदर्भातून हजारो लोक येतात. त्रिशूळ खांद्यावर घेऊन सुमारे १३०० पायऱ्या चढतात. त्यांत नवस फेडायला आलेली नवरा-बायको असतात. एक दमला की दुसरा त्रिशूळ घेतो. त्यातले कित्येक 'पचमढीला चाललो' म्हणत नाहीत, 'महादेवाला चाललो' म्हणतात. त्यांचे हाल, गर्दी आणि मागे उरणारा कचरा मला ठाऊक आहे. ती यात्रा रम्य आहे असे सांगण्याचा माझा हेतू नाही. एवढेच, की याच डोंगराला मराठीत आधीपासून एक नाव आहे, दोघांनी मिळून चढायची एक रीत आहे, आणि पर्यटनाचा मराठी मजकूर लिहिणाऱ्याला ती आठवतही नाही.

आम्ही जाणार आहोत. धूपगडावरचा सूर्यास्त कुणाच्या बापाचा नाही, आणि पंधरा वर्षांनंतर दोन दिवसांची निवांत सोबत मिळत असेल तर ती मी इतिहासासाठीही सोडणार नाही. प्रेमाला निवांतपणा लागतो, राज्यकर्त्यांचा रुबाब लागत नाही.

अनुवाद करणाऱ्यांना मात्र एक विनंती. असला मजकूर पुढ्यात आला, तर 'वसाहतकालीन मोहिनी' लिहून मोकळे होऊ नका. 'इंग्रजी अमदानीतला बंगला' लिहा आणि जंगल कुणाचे होते ती एक ओळ जोडा. गिऱ्हाईक ती ओळ खोडेल. मग खोडल्याचे कारण त्याला विचारा, लेखी.