दिवे गेले की हात कुठे जातो?



पाऊस तोंडावर आला की आपल्या वस्त्यांतून दिव्यांचा लपंडाव सुरू होतो. वारा सुटला, फांदी तारेवर पडली, की गेले दिवे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला सकाळी मुंबई-ठाण्याची वीज गेली आणि लोकल गाड्याही जागच्या जागी उभ्या राहिल्या. मात्र नुसत्या अंधाराने कोणाचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते अंधारात घाईघाईने केलेल्या कामाने.

दिवे गेले की आपला हात आधी मेणबत्तीकडे जातो. ती आपल्या घरी असतेच. तथागतांच्या व बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे आपण ती लावतो. पण वंदनेची मेणबत्ती आपल्या डोळ्यांसमोर जळते. दिवे गेल्यावर लावलेली मेणबत्ती मात्र टीव्हीवर, फळीवर, मुलांच्या वह्यांशेजारी चिकटवली जाते आणि दिवसभर राबलेल्या माणसाचा तिच्या उजेडात डोळा लागतो. दहा बाय दहाची खोली, वर दोरीवर कपडे, बाजूला मच्छरदाणी, हातभर अंतरावर गॅसची नळी. आग लागायला आणखी काय हवे?

म्हणून उजेडासाठी मेणबत्ती नकोच, असे आमचे स्पष्ट मत आहे. चार्जिंगची बॅटरी आता गरिबालाही परवडते. ती दाराजवळच्या खिळ्याला टांगावी आणि कोणीही तेथून हलवू नये, म्हणजे अंधारात हात बरोबर तिच्यावर पडतो. दर पौर्णिमेला विहारात निघण्यापूर्वी ती लावून पाहावी. अगदीच नाइलाज झाला तर स्टीलच्या ताटलीत पाणी घालून त्यात मेणबत्ती उभी करावी आणि झोपण्यापूर्वी विझवावी. गॅसचा वास येत असेल तर काडी ओढूच नये. आधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात.

दिवे जाताना जितका धोका, त्याहून जास्त ते परत येताना असतो. याकडे भगिनींनी विशेष लक्ष द्यावे. पहाटे बादलीत पाणी तापवायचा रॉड टाकलेला असतो आणि दिवे जातात. पाणी किती तापले ते पाहायला आपण बोट बुडवतो आणि नेमकी त्याच क्षणी वीज येते. इस्त्रीचेही तसेच. ती कपड्यावर तशीच राहते, आपण कामाला निघून जातो, मागे वीज येते आणि खोली पेटते. तेव्हा दिवे गेले की पहिले काम म्हणजे रॉड, इस्त्री, मिक्सर यांचे बटण बंद करून पिन काढणे. फ्रिजही बंद करावा आणि वीज आल्यावर पाच-दहा मिनिटांनी लावावा. त्याचे दार उघडले नाही तर आतला गारवा साधारण चार तास टिकतो.

फ्यूज उडाला म्हणून त्यात तांब्याची जाड तार घालणारे हुशार लोक प्रत्येक गल्लीत असतात. तशी तार घातली की फ्यूज उडत नाही, भिंतीतली वायर जळते. डीपीवर काठी मारणे, खांबावर पोराला चढवणे हे तर जिवाशीच खेळणे आहे. लग्नकार्यात जनरेटर आणला तर तो उघड्यावर ठेवावा, कारण बंद जागेत त्याच्या धुराने माणूस बसल्या जागी मरतो. जनरेटरची वायर घरच्या बोर्डात खुपसू नये. ती वीज उलटी खांबापर्यंत जाते आणि तेथे काम करणारा वायरमन, म्हणजे आपल्यासारखाच एक कामगार, प्राणाला मुकतो.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री होते, तेव्हा विजेचे खातेही त्यांच्याकडेच होते. देशाचे दारिद्र्य हटवायचे तर वीज स्वस्त आणि मुबलक हवी, असा त्यांचा आग्रह होता. आपली वस्ती मात्र अंधार मुकाट्याने सोसते. महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार करावी आणि तक्रारीचा क्रमांक विहारातल्या वहीत वेळेसह लिहावा. वीज सुरू करायला नियामक आयोगाने मुदत ठरवून दिली आहे. ती उलटली तर ग्राहकाला भरपाई मागता येते आणि त्या वेळी ही वही कामी येते.

शेवटी मंडळांना एक सूचना. जयंतीच्या डीजेतून थोडे पैसे वाचवून विहारासाठी इन्व्हर्टर घ्यावा. दहावी-बारावीची मुले अशा रात्री तेथे अभ्यासाला बसतील. त्याच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालण्याचे काम मात्र एकाच माणसाकडे द्यावे. सगळ्यांवर सोपवले तर ते कोणीच करत नाही.