भाडं बंगल्याचं, डोंगराचं नव्हे

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे सुरू झाला आणि लोणावळा-खंडाळा दोन्ही शहरांच्या हाताशी आलं. त्यानंतरच्या वर्षांत पवना, मुळशी, कर्जत, इगतपुरी, भंडारदरा, पाचगणी अशी सह्याद्रीच्या माथ्यावरची आणि पायथ्याची गावं सुट्टीच्या बंगल्यांनी भरत गेली. मोबाइलवर फोटो पाहायचे, पैसे भरायचे आणि शनिवारी दुपारी अख्खं घर ताब्यात घ्यायचं, ही पद्धत आता चांगलीच रुळली आहे. तिच्यात एक गोष्ट मात्र हरवली. नातेवाइकांकडे गेलो तर घरचे लोक समोर असतात, हॉटेलात उतरलो तर मॅनेजर असतो. भाड्याच्या बंगल्यात यजमानच नसतो. मालक मुंबईत किंवा पुण्यात असतो आणि जागेवर असतो तो पगारी केअरटेकर. त्यामुळे तिथे कसं वागायचं याचा निर्णय जवळपास पूर्णपणे पाहुण्याच्या हाती जातो. तो घेताना एक हिशेब पक्का असला पाहिजे. आपण भाडं दिलेलं असतं ते चार भिंती, गाद्या आणि स्वयंपाकघर वापरण्याचं. तिथलं पाणी, शांतता, अंधार आणि शेजाऱ्यांची झोप त्या रकमेत येत नाही, कारण या गोष्टी मालकाच्या नसतातच. जे त्याचं नाही ते तो भाड्याने देऊ शकत नाही.

सुरुवात पाण्यापासून करू. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, लोणावळ्यातही धो-धो कोसळतो. पावसाळ्यात तिथे जाणाऱ्याला वाटतं की इथे पाण्याला काय तोटा! पण सह्याद्रीचा काळा कातळ पाणी फारसं धरून ठेवत नाही. ते उतारावरून वाहून जातं. जे मुरतं ते दगडाच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात, आणि तेही उन्हाळ्यापर्यंत आटत येतं. म्हणून जुलैत धबधब्यांनी वेढलेल्या वाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. आता याच भागातल्या बंगल्याचा एक लहानसा पोहण्याचा तलाव घ्या: वीस फूट लांब, दहा फूट रुंद, चार फूट खोल. त्यात साडेबावीस हजार लिटरहून जास्त पाणी मावतं. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी दिवसाला ५५ लिटर पाण्याचा निकष आहे. त्या मापाने हे पाणी चार माणसांच्या कुटुंबाला शंभर दिवस पुरेल. हा तलाव दर आठवड्याला रिकामा होत नाही, हे खरं. पण चिखलाच्या पायांनी, अंगाला तेल लावून किंवा हातात खाण्याची ताटं घेऊन माणसं त्यात उतरली की पाणी लवकर खराब होतं आणि ते बदलण्यासाठी पुन्हा टँकर येतो. उन्हाळ्यात तो टँकर जिथून भरतो, तिथल्याच विहिरीवर एखाद्या वाडीची तहान अवलंबून असू शकते. आंघोळ करून तलावात उतरणं, नळ बंद ठेवणं, मे महिन्यात तलावाचा हट्ट न धरणं या साध्या गोष्टी आहेत, पण त्यांचा हिशेब खालच्या वस्तीपर्यंत पोहोचतो.

पाणी येतं कुठून याचा विचार निदान काही जण करतात. जातं कुठे याचा फारसा कोणी करत नाही. डोंगरातल्या बहुतेक बंगल्यांना शहरासारखी भुयारी गटारं नसतात. तिथे सेप्टिक टँक असतो. मैला टाकीच्या तळाशी बसतो, जिवाणू तो कुजवतात आणि वरचं पाणी शोषखड्ड्यातून जमिनीत मुरतं. ही टाकी ठरावीक माणसांसाठी बांधलेली असते. बाराजणांचं बुकिंग करून बावीसजण उतरले की गाळ बसायला वेळ मिळत नाही, तो पाण्याबरोबर पुढे सरकतो आणि शोषखड्ड्याभोवतीची माती बुजवतो. संडासात टाकलेले ओले टिश्यू आणि सॅनिटरी पॅड कुजत नाहीत, ते पाइपच तुंबवतात. भरमसाट ॲसिड ओतलं तर कुजवणारे जिवाणूच मरतात. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावर कातळावर जांभ्याचा सच्छिद्र थर आहे आणि पावसाचं पाणी त्यातूनच मुरून खाली झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतं. वर बंगल्यात जे मुरतं, ते खाली कोणाच्या तरी हंड्यात उतरू शकतं. म्हणून ‘चार माणसं जास्त आली तर काय बिघडलं?’ या प्रश्नाचं उत्तर जादा गाद्या आहेत की नाहीत एवढ्यावर संपत नाही.

आवाजाबद्दल तर कायदाच स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषण नियंत्रणाचे केंद्राचे नियम २००० सालचे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत निवासी भागात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. दोन माणसांच्या साध्या बोलण्याचा आवाजही साधारण ६० डेसिबल असतो. खासगी जागेत लावलेल्या स्पीकरचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढता कामा नये, असंही हे नियम सांगतात. म्हणजे ‘आमच्या कंपाउंडच्या आत आम्ही काहीही करू’ हा समज कायद्यालाच मान्य नाही. शिवाय डोंगरात आवाज शहरापेक्षा लांब जातो. तिथे रहदारीची कुरकूर नसते, आणि रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड झाली की आवाज वर न जाता जमिनीकडे वळतो. अंगणातला ब्लूटूथ स्पीकर दरीपलीकडच्या घरात स्पष्ट ऐकू येतो. त्या घरात कदाचित पहाटे उठून धारा काढणारं कोणी असतं, दहावीची परीक्षा देणारी मुलगी असते. त्यांनी आपल्या सहलीतून काही कमावलेलं नसतं आणि त्यांची परवानगीही कोणी घेतलेली नसते.

या साऱ्यात सगळ्यात अवघड जागा असते केअरटेकरची. रविवारी अकराला चेक-आउट आणि दोनला पुढचं चेक-इन, असं वेळापत्रक सर्रास असतं. मधल्या तीन तासांत एक जोडपं किंवा मायलेक पाच-सहा खोल्यांच्या चादरी आणि अभ्रे बदलतात, संडास-बाथरूम घासतात, चिकट भांड्यांचा ढीग उपसतात, हिरवळीतून सिगारेटची थोटकं आणि बाटल्यांची झाकणं वेचतात, फुटलेल्या ग्लासच्या काचा हाताने गोळा करतात. पाहुण्यांनी निघायला एक तास उशीर केला तर तो तास यांच्याच कामातून कापला जातो. आणि रात्री दीडला ‘काका, अजून थोडा बर्फ मिळेल का?’ असं विचारलं तर त्यांना नाही म्हणता येत नाही. पाहुण्याने कमी तारे दिले तर मालक जाब विचारणार, आणि पोट त्याच नोकरीवर. जो नकार देऊ शकत नाही त्याच्याकडे काही मागताना मागणाऱ्यानेच मर्यादा पाळायची असते. जेवणाचा आकडा आदल्या दिवशी कळवणं, उष्टं-खरकटं एका जागी काढून ठेवणं, ओला-सुका कचरा वेगळा करणं, काही फुटलं तर आपण होऊन सांगणं आणि वेळेवर निघणं, याने कोणाची सुट्टी बुडत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो पैशाचा. एका रात्रीचे एवढे पैसे मोजले, आता सूचनाही ऐकायच्या का? खर्च मोठा असतो आणि त्या बदल्यात स्वच्छ खोली, चालू गिझर, कबूल केलेल्या सोयी मागण्याचा पाहुण्याला पूर्ण हक्क आहे. त्याने तो वापरलाच पाहिजे. पण हा करार पाहुणा आणि मालक यांच्यातला आहे. शेजारी, वाडी आणि जंगल त्यात सामील नाहीत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पर्यटनावर गावाची चूल पेटते, पाहुण्यांवर बंधनं घालून तुम्ही गरिबांचाच रोजगार मारता. रोजगार मिळतो यात शंका नाही. भाकऱ्या थापणाऱ्या बाईपासून जीपवाल्यापर्यंत अनेक घरं त्यावर उभी आहेत. पण ज्या उत्पन्नासाठी गावाला स्वतःची झोप आणि उन्हाळ्याचं पाणी द्यावं लागतं, त्याचा खर्चही मोजला पाहिजे. या डोंगराने शहरासाठी आधीच पुष्कळ सोसलं आहे. मुंबईच्या विजेसाठी मुळशीत धरण बांधताना जमिनी जाऊ लागल्या, म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला होता. त्याच मुलखात विश्रांतीला जाणाऱ्याने थोडा संयम पाळावा, ही मागणी फार मोठी नाही.

तिसरा आक्षेप असा की खरा गुन्हा पाहुण्यांचा नाहीच. डोंगर पोखरून बेकायदा बांधकामं उभी राहतात, परवाने देणारे डोळेझाक करतात, आणि उपदेश मात्र दोन दिवस मोकळा श्वास घ्यायला आलेल्या नोकरदाराला. यातला पहिला भाग पूर्ण खरा आहे. महाबळेश्वर-पाचगणी २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालं, २०११ मध्ये माधव गाडगीळ यांच्या समितीने पश्चिम घाटाबद्दल सविस्तर इशारा दिला, तरी बांधकामांचा रेटा थांबलेला नाही. ती जबाबदारी शासनाची आहे आणि तिच्यातून त्याला सुटका देऊ नये. पण मालक तलाव खोदतो तो बुकिंग करणारा आधी तलाव शोधतो म्हणून. झाडं तोडून गाड्यांसाठी जागा करतो ती पाच गाड्यांचं पार्किंग आहे का, असं विचारलं जातं म्हणून. आपली मागणी बांधकामाच्या नकाशात उतरत असते. तीच मागणी उलटीही वळवता येते: सांडपाणी कुठे जातं, कचरा कोण नेतं, कामावर गावातली माणसं आहेत का, असे प्रश्न बुकिंगआधी दहा जणांनी विचारले तर अकराव्यासाठी मालक उत्तर तयार ठेवेल.

मौजमजेला माझा विरोध नाही. शहरातल्या दोन खोल्यांच्या घरात ज्यांना मोठ्याने हसायलाही जागा नाही, त्या तरुणांना डोंगरात गाणी म्हणावीशी वाटली तर ते स्वाभाविकच आहे. गाणी म्हणावीत, गच्चीवर गप्पांचा फड जमवावा. फक्त दहानंतर स्पीकर बंद व्हावा आणि मैफल घरात यावी. शेकोटी केली तर मोकळ्या जागेत, आणि फेब्रुवारीपासून वाळलेल्या गवताजवळ ती करूच नये, कारण एका ठिणगीने उतारच्या उतार जळतो. मे अखेरीस भंडारदऱ्याकडे काजवे पाहायला गेलो तर अंगणातले दिवे आणि गाडीचे हेडलाइट विझवावेत. काजव्यांचं लुकलुकणं हा जोडीदाराला दिलेला इशारा असतो आणि आपल्या झगमगाटात तो दिसेनासा होतो. यातली एकही गोष्ट सहलीचा आनंद कमी करत नाही. उलट शांतता, तारे, स्वच्छ पाणी या ज्या गोष्टींसाठी आपण इतक्या लांब जातो, त्या यामुळेच टिकतात.

नियम कडक झाले पाहिजेत, तपासणी झाली पाहिजे, बेकायदा बंगले बंद झाले पाहिजेत. पण शनिवारी रात्री अकरा वाजता, डोंगरावरच्या आडबाजूच्या घरात, कोणताही अधिकारी पोहोचणार नसतो आणि केअरटेकर बोलू शकत नसतो. त्या वेळी आवाज कमी करू शकणारा माणूस एकच असतो, तो म्हणजे पाहुणा. बुकिंग ज्याच्या नावावर आहे त्याने निघण्यापूर्वीच आपल्या गटाला माणसांची संख्या, आवाजाची वेळ, पाणी आणि कचरा या चार गोष्टी सांगाव्यात आणि तिथे त्या पाळून घ्याव्यात. ते काम मालकाचं नाही, सरकारचंही नाही. ज्याने चावी घेतली त्याचं आहे.