तिथी न ठरविता

गेल्या महिन्यात माझ्याकडे गाणे शिकणाऱ्या एका मुलीचे वडील संध्याकाळी घरी आले. शिकवणी नुकतीच संपली होती, तंबोऱ्यांवर गवसण्या चढत होत्या. चहा झाला, मुलीच्या गळ्याविषयी दोन शब्द झाले आणि मग ते मुद्द्यावर आले. "गुरुजी, ती तुमचे ऐकते, म्हणून तुमच्याकडे आलो. महिनाभराची रजा घेऊन एकटीच व्हिएतनामला निघाली आहे. कुठे उतरणार, कुठून कुठे जाणार, असे विचारले की म्हणते, तिथे गेल्यावर ठरवीन. असे कुठे असते का?"

"नसते," मी म्हणालो. ते समाधानाने उठून गेले आणि मला माझीच लाज वाटू लागली. कारण दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत मी स्वतः पाठीवर एक पिशवी टाकून जॉर्जिया देशात एकवीस दिवस असाच हिंडून आलो आहे. ही गोष्ट बडोद्यात फार थोड्यांना ठाऊक आहे. शेजारी मी पुण्याला जातो असे सांगितले होते. त्रेचाळीस वर्षांच्या गृहस्थाने पुण्याचे नाव सांगून काकेशसच्या पायथ्याशी जावे, हे काही भूषण नव्हे. म्हणून ते येथे उघड करतो.

लपवाछपवीचे मूळ घरातले आहे. माझे वडील, त्यांना आम्ही बापू म्हणत असू, सतराव्या वर्षी दरबारच्या कलावंत कारखान्यात लागले. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले तेव्हा त्यांच्या नोकरीला धड तीन वर्षेही झाली नव्हती. मी त्यांच्या उतारवयातले शेंडेफळ. दरबार मी पाहिला नाही. दरबाराची शिस्त मात्र घरात पुरेपूर भोगली. बोलावणे आले की जायचे, सांगितल्या वेळेच्या आधी पोहोचायचे, गाव सोडायचे तर रजा मागायची. संस्थान गेले तरी ही रीत त्यांनी जन्मभर सोडली नाही. बोलावल्याखेरीज गवयाने कुठे जाऊ नये, असे ते नेहमी म्हणत.

आणि जॉर्जियाने काही मला बोलावले नव्हते. निमित्त झाले ते एका तबकडीचे. अमेरिकेने १९७७ साली व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली. त्यांवर पृथ्वीवरील आवाजांची आणि संगीताची सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तीत केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे. याने निघाली त्याच वर्षी सप्टेंबरात बाई गेल्या. हे सगळे मी दरवर्षी वर्गात अभिमानाने सांगतो. एकदा एका मुलीने विचारले, "गुरुजी, बाईंच्या शेजारी आणखी कोण कोण आहे?" मला सांगता येईना. (ती मुलगी म्हणजे आज जिच्याविषयी लिहितो आहे तीच.) घरी येऊन यादी पाहिली. बाख आणि बेथोवेन अपेक्षित होते. पण 'चाक्रुलो' म्हणजे काय? जॉर्जियाच्या पूर्वेकडील काखेती प्रांतातले पुरुषांचे समूहगान. ऐकले. खाली अनेकांनी धरलेला एकच लांब स्वर आणि त्यावर दोन गळे. खालचा स्वर ऐकून मला वाटले, अरे, हा तर आपला षड्ज! हे गाणारे लोक एकदा समोर बसून ऐकावेत, यापलीकडे मनात कसलीही योजना नव्हती.

योजना कागदावर मात्र करावी लागली. या प्रकारच्या भटकंतीचे गोडवे गाणारे लोक एक गोष्ट सांगत नाहीत. 'निघालो, पुढचे पुढे पाहू' हे वाक्य सगळ्यांच्या पासपोर्टला परवडत नाही. आपल्या माणसाने व्हिसा मागितला की परतीचे तिकीट, राहण्याच्या जागांची आगाऊ नोंद, विम्याचा कागद, बँकेचा उतारा, सारे पुढे ठेवावे लागते. मीही जुन्या जलशाच्या पत्रिकेसारखा तारीखवार कार्यक्रम तयार केला, रद्द करता येतील अशा जागा नोंदविल्या आणि तिकडे गेल्यावर त्यांतल्या बहुतेक रद्द केल्या. याला कोणी लबाडी म्हणेल. ज्या गोऱ्या मुलाला हे कागद कधी कोणी मागितलेच नाहीत त्याने 'कार्यक्रम आखणे हे भित्र्यांचे काम' असे मला ऐकवावे, याची मला अधिक चीड येते. आणि त्बिलिसीत एकाने तसे ऐकविलेही.

पहिले तीन दिवस मी त्या शहरात वाया घालविले. पाऊस होता. तेहतीस अक्षरांच्या त्यांच्या लिपीतले एक अक्षर मला वाचता येत नव्हते. दोन दिवस खोलीत बसून चीज भरलेली खाचापुरी खाल्ली आणि परतीचे तिकीट अलीकडचे मिळते का, ते पाहिले. एकटे हिंडण्याच्या वर्णनांतून हे दिवस नेहमी गाळलेले असतात.

चौथ्या दिवशी तेलावी गावी जायचे म्हणून निघालो तो भलत्याच थांब्यावर पोहोचलो. तेथे मार्शरुत्का उभी होती. मार्शरुत्का म्हणजे लहान प्रवासी मोटार. पुष्कळदा भरली की सुटते, आपल्याकडच्या छकड्यासारखी. ती सिघनाघीला निघाली होती. तेही गाव काखेतीतच, म्हणून बसलो. टेकडीवर तटबंदीचे गाव आणि खाली अलाझानी नदीचे विस्तीर्ण खोरे. एका कुटुंबाने घरातल्या दोन खोल्या प्रवाशांना भाड्याने दिल्या होत्या, तेथे उतरलो. द्राक्षांची तोडणी आटोपली होती. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या मोठ्या मातीच्या रांजणांत नवी दारू मुरत होती. त्या रात्री घरी पाहुणे होते. मलाही जेवायला बसविले: राजम्याची उसळ, अक्रोडाची चटणी लावलेली वांगी, भट्टीच्या भिंतीला थापून भाजलेली लांबट रोटी. मी पीत नाही म्हटल्यावर जरा अडचण झाली, कारण त्या पंगतीत एक यजमान नेमलेला असतो, तो एकामागून एक कारणे काढून पेले उचलायला लावतो. देव, देश, गेलेली माणसे, मुले. माझ्या पेल्यात द्राक्षांचा रस ओतला आणि विषय मिटला.

मग ते गायले. जे ऐकायला मी आलो होतो ते तीन हातांवर बसून ऐकले. मधला एक स्वर आपल्या पेटीच्या कोणत्याच पट्टीत बसेना, इतके मला त्याच रात्री कळले. थोड्या वेळाने घरातल्या इंग्रजी शिकलेल्या नातवाकरवी मला सांगण्यात आले की आता तुमच्या देशाचे होऊ द्या.

केसरबाईंची भैरवी गाण्याची माझी छाती नव्हती. बापूंनी शिकविलेली भैरवीतली एक साधी बंदिश सुरू केली. मी स्वर लावताच चार जणांनी खाली तोच स्वर धरला. असा तंबोरा मला जन्मात मिळाला नव्हता. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, मी रंगात आलो; आणि एका मुक्कामाच्या जागी त्या चौघांनी मिळून आपला स्वर एका पायरीने खाली नेला. माझा षड्जच पायाखालून सरकला! मी थांबलो. तेही थांबले आणि माझ्याकडे नवलाने पाहू लागले. त्यांच्या गाण्यात खालचा स्वर चालतो. तो आमच्या तंबोऱ्यासारखा स्थिर नसतो. तो हलला की वरच्या गळ्यांनीही नव्या घरात शिरायचे असते. एका म्हाताऱ्याने हाताने खूण केली, 'ये, खाली ये.' दुसऱ्या खेपेस मी प्रयत्न केला आणि साफ चुकलो. सगळे हसले, मीही हसलो. तिसऱ्या खेपेस त्यांनी स्वर हलविलाच नाही. पाहुण्याकरिता बंदिश संपेपर्यंत जागच्या जागी रोखून धरला. गाणे उत्तम झाले. पण त्यांच्या मानी काही उरले नव्हते, हे मला त्यांच्या तोंडांवरून दिसत होते, आणि अजून आठवले की चुटपुट लागते. तीस वर्षे मी ज्याला स्वराचा पाया म्हणून शिकवितो, तो जगात सगळीकडे पाया नसतो. हे पुस्तकात वाचले असते तर मी मान डोलावून पान उलटले असते.

पाहुणा देवाकडून येतो, अशी त्या लोकांत म्हण आहे. आपल्याकडेही आहे, पण आपले शास्त्री अतिथी शब्दाची फोड अशी करतात की ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी. हल्ली आपण आठ दिवस आधी कळविल्याखेरीज सख्ख्या भावाकडेही जात नाही. मी खोलीचे भाडे देऊन राहिलो होतो, तेव्हा मी देव वगैरे नव्हतो. पण त्या पंगतीला मी तिथी न ठरविताच पोहोचलो होतो, हे खरे.

यावरून कोणी असे समजू नये की न ठरविता गेले की दैव हात धरते. पुढे मी रात्रीच्या गाडीने झुगदिदीस आणि तेथून डोंगरात मेस्तियास गेलो. स्वानेती प्रांतातले तीन सुरांचे गायन प्रसिद्ध आहे. तीन दिवस दगडी बुरुज पाहिले, थंडीत कुडकुडलो आणि गाण्याचा एक स्वरही कानी पडला नाही. आगाऊ कोणाला दोन ओळी लिहिल्या असत्या, तर कदाचित पडला असता. झुगदिदीपलीकडे अबखाझियाची हद्द आहे. त्या प्रदेशात रशियाच्या बाजूने शिरणे जॉर्जियाच्या २००८ च्या कायद्याने गुन्हा आहे. गाडीतल्या एका बिनकार्यक्रमी तरुणाला याची गंधवार्ता नव्हती. तो तेच करण्याच्या बेतात होता. आमचे गाणे आयत्या वेळचे म्हणतात, पण राग न घोटता आलापात हिंडू पाहणाऱ्याला मी वर्गात खाली बसवितो.

मंडळी जमवून, बरोबर आचारी घेऊन सहलीस जाणाऱ्यांना मी हसत नाही. माझ्या सासूबाईंनी सत्तरीत तसाच युरोप पाहिला आणि त्या तृप्त आहेत. फक्त त्या वाटेने कोणाच्या जेवणाच्या पंगतीत चुकून जाता येत नाही.

आपल्या गावाला तरी हे नवे वाटू नये. सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्ष यांच्या हाती गायनशाळा दिली. त्यांचे नातू इनायत खाँ याच बडोद्यात जन्मले आणि १९१० च्या सप्टेंबरात मुंबईहून अमेरिकेला निघाले. बरोबर भाऊ होते, म्हणजे एकटे नव्हते. पण तिकडे जम कसा बसणार, याची खात्री नव्हती. प्रारंभी एका नर्तिकेच्या ताफ्यात साथसंगत करून दिवस काढले. पुढे इंग्लंड, फ्रान्स, रशिया. त्यांचे नाव आपण आज कौतुकाने घेतो. त्या वेळी गावात काय बोलले गेले असेल, याची कल्पना करता येते.

राहिला प्रश्न मुलीच्या जातीचा. तो खोटा नाही. रात्रीच्या गाडीत अनोळखी माणसांच्या डब्यात मी निर्धास्त घोरलो. तिला तसे झोपता येणार नाही, आणि हा दोष तिचा नव्हे. केसरबाईंच्या त्या बंदिशीत एकट्या निघालेल्या मुलीला कोणी तरी विचारते आहे की कुठे चाललीस. आम्ही गवई पिढ्यान् पिढ्या ते विचारीत आलो आहोत, नाना अंगांनी, ताना घेऊन. ती चालली आहे, याकडे माझे तरी कधी लक्ष गेले नाही.

गेल्या रविवारी मी त्या गृहस्थांच्या घरी गेलो, बोलावल्याखेरीज. पुण्याची थाप सांगितली, जॉर्जिया सांगितला, खोलीत बसून काढलेले दोन दिवसही सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पहिल्या रात्री कुठे उतरला होतात?"

"ती जागा मी इथूनच ठरवून गेलो होतो. त्या नोंदींपैकी तेवढी रद्द केली नाही."

"मग तेवढे तिला सांगा," ते म्हणाले. "पहिल्या दोन रात्री. आणि रोज रात्री फोन." आत तिची आई ऐकत उभी होती, ती म्हणाली, "रोज नको, एक दिवसाआड चालेल."

मी सांगितले आहे. हनोईतली दोन रात्रींची जागा मुलीने परवा नोंदविली.