मुलगा समाजकार्य शिकतो म्हणाला तर…

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत मुलाच्या पुढच्या वाटेची चर्चा सुरू होते. इंजिनिअरिंग, फार्मसी, आयटीआय, नाहीतर आखाताचा व्हिसा. मुलगी ‘एमएसडब्ल्यू करते’ म्हणाली तर आपण एक वेळ हो म्हणतो. मुलगा म्हणाला की विचारतो, ‘त्यात घर चालेल का?’ त्यातही मनोरुग्णांमध्ये काम करायचे म्हटले, तर विषयच संपतो.

गरज मात्र इथेच आहे. २०२२ मध्ये देशात १ लाख ७० हजारांहून अधिक आत्महत्यांची नोंद झाली. त्यांतले दर दहांमागे सात पुरुष होते, आणि सर्वाधिक नोंदी आपल्या महाराष्ट्रातल्या होत्या.

ज्याचा धंदा बुडाला, जो बहिणीच्या लग्नाच्या कर्जात अडकला, जो परदेशातून रिकाम्या हाताने परतला, तो घरात बोलत नाही. विचारले तर ‘सब ठीक है’ म्हणतो. झोप उडते, नमाजेत मन लागत नाही, मुलांवर ओरडतो. आपण म्हणतो, ईमान कमजोर झाले. हजरत याकूब (अलै.) यांचे डोळे पुत्राच्या दुःखात पांढरे झाले, हे कुरआन सांगते. ते तर पैगंबर होते. आपल्या प्यारे नबी (सल्ल.) यांनीही लहानग्या इब्राहीमच्या वियोगात अश्रू ढाळले. दुःख होणे म्हणजे ईमान जाणे नव्हे.

आजार वाढला की ‘असर झालाय’ म्हणून दर्ग्यावर नेतो. २००१ साली तामिळनाडूतील एरवाडी इथे आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेले पंचवीसहून अधिक रुग्ण जळून मरण पावले. आता कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी आहे. गुजरातमधील उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात दुआसोबत दवाही मिळावी, म्हणून मुजावरांना सोबत घेऊन काम झाले. मुजावर, इमाम, मशिदीचे ट्रस्टी, रुग्णाचा बाप: या बैठकीत आपल्यातलाच एक शिकलेला तरुण बसला, तर बोलणे किती सोपे होईल! भगिनी हे काम उत्तम करतातच. पण अनेक पुरुष आपले दुखणे परक्या बाईसमोर उघड करत नाहीत. पुरुषांच्या वॉर्डात, व्यसनमुक्ती केंद्रात, जुम्यानंतरच्या गप्पांत पुरुष कार्यकर्ता हवा.

मानसोपचार समाजकार्यकर्ता गोळ्या लिहून देत नाही. तो घरी जातो, घरच्यांना आजार समजावतो, औषध मधेच सुटू नये म्हणून पाठपुरावा करतो, अपंगत्वाचा दाखला मिळवायला मदत करतो, बऱ्या झालेल्या माणसाला पुन्हा कामावर बसवतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात त्याची जागा असते.

वाट अवघड नाही. कोणत्याही शाखेची पदवी, मग दोन वर्षांचे एमएसडब्ल्यू. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९३६ पासून हे शिक्षण देते. मुंबईत निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे संस्था आहे. पुढचे विशेष शिक्षण बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये मिळते. सुरुवातीचा पगार मोठा नसतो, अनेक पदे कंत्राटी असतात, हे मुलाला आधीच सांगावे. पण हलालची रोजी आणि लोकांची दुआ दोन्ही देणारे काम सहज मिळत नाही.

आपल्या जमाती आणि ट्रस्ट दरवर्षी वजीफे वाटतात. यंदा त्यांतला एक तरी वजीफा समाजकार्य शिकणाऱ्या मुलासाठी राखून ठेवू या. आणि कुणाच्या घरी कुणी गप्प झाला असेल, तर १४४१६ हा सरकारी ‘टेली-मानस’ क्रमांक मशिदीच्या फलकावर आजच लिहू या. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येते.