सिनेगॉग हा दूतावास नव्हे

योम किप्पूर हा ज्यू पंचांगातील सर्वांत पवित्र, प्रायश्चित्ताचा दिवस. २०२५ साली तो २ ऑक्टोबरला आला. त्या दिवशी मँचेस्टरच्या हीटन पार्कमधील सिनेगॉगवर हल्ला झाला आणि दोघे उपासक प्राणास मुकले. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर हनुक्काच्या उत्सवासाठी जमलेल्या कुटुंबांवर गोळीबार होऊन १५ जण मृत्युमुखी पडले. गाझातील युद्धाचा निर्णय यांपैकी कोणी घेतलेला नव्हता. तरीही अशा प्रत्येक प्रसंगानंतर हळहळीच्या जोडीला एक ‘पण’ उच्चारला जातो आणि बोट इस्रायलकडे वळते. २०१२ साली फ्रान्सच्या तुलूझ शहरात ज्यू शाळेच्या दारात एका शिक्षकाला व तीन बालकांना ठार मारणाऱ्यानेही पॅलेस्टिनी मुलांचा सूड घेतल्याचेच सांगितले होते!

जगातील ज्यूंची संख्या दीड कोटीच्या थोडी वर आहे आणि त्यांतील निम्म्याहून अधिक लोक आजही इस्रायलबाहेर राहतात. या लोकांची निष्ठा कोठे, हा प्रश्न इस्रायलच्या जन्माआधीपासूनचा आहे. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमुळे आपल्या परिचयाचे असलेले भारतमंत्री एडविन माँटेग्यू हे स्वतः ज्यू होते. ज्यूंसाठी राष्ट्रीय भूमी देऊ करणाऱ्या बाल्फोर जाहीरनाम्याला १९१७ साली ब्रिटिश मंत्रिमंडळात सर्वांत कडवा विरोध त्यांनीच केला. अशा घोषणेने इंग्लंडमधील ज्यू आपल्याच देशात परका ठरेल, हे त्यांचे भय होते. इतर देशांतील ज्यूंच्या हक्कांना व राजकीय स्थानाला बाधा येऊ नये, हे आश्वासन जाहीरनाम्याच्या अखेरीस आले, त्यामागे अशा आक्षेपांचाच रेटा होता. इस्रायल झाल्यावर १९५० साली खुद्द बेन गुरियन यांनी अमेरिकी ज्यूंचे नेते जेकब ब्लाउस्टाइन यांना स्पष्ट शब्दांत सांगितले, की अमेरिकेतील ज्यूंची राजकीय निष्ठा अमेरिकेशीच आहे आणि इस्रायल केवळ आपल्या नागरिकांच्या वतीने बोलते.

हे भान पुढे सर्वांनीच राखले असे नाही. जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या ज्यू दुकानात चौघांची हत्या झाली, तेव्हा पंतप्रधान नेतान्याहू यांनी फ्रान्समधील ज्यूंना इस्रायलचे दार उघडे असल्याचे सांगितले. पॅरिसच्या मुख्य सिनेगॉगमध्ये त्यांचे भाषण झाले आणि जमलेल्या लोकांनी फ्रान्सचे राष्ट्रगीत म्हटले! त्यांना इस्रायलबद्दल ममता नव्हती, असा याचा अर्थ नाही. शतकानुशतके प्रार्थनेत यरुशलेमचे स्मरण करणाऱ्या समाजाचा त्या भूमीशी असलेला धागा तोडा, असे सांगणे हाही अन्यायच. मात्र भूमीविषयीची श्रद्धा वेगळी आणि तेथील सरकारच्या धोरणाची जबाबदारी वेगळी. त्या धोरणांवर कठोर टीका करणारेही ज्यू आहेत आणि समर्थन करणारेही. यातल्या कोणाचेही ज्यूपण त्यामुळे कमीजास्त होत नाही.

महाराष्ट्राला हे समजायला परदेशी उदाहरणांची गरज नसावी. शनिवारी घाणा बंद ठेवणारे कोकणातले ‘शनवार तेली’, म्हणजेच बेने इस्रायली, मराठी बोलत येथे नांदले. मुंबईतील त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ सालचे. इस्रायल झाल्यावर बरेच जण तिकडे गेले. तेथे त्यांना काय अनुभव आला? काहींनी भारतात परत पाठवा म्हणून १९५१-५२ मध्ये धरणे धरले, काही परतलेही. पुढे विवाहसंबंधांच्या बाबतीत तेथील धर्मपीठाने त्यांच्या ज्यूपणाविषयीच शंका घेतली. ती दूर व्हायला १९६४ साल उजाडले. इकडे भारताचे इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ पर्यंत नव्हते. त्या काळात १९७१ च्या ढाक्यातील शरणागतीची बोलणी करणारे मेजर जनरल जेकब ज्यू होते. त्यांच्या निष्ठेची झडती घेण्याची गरज भारतीय सैन्याला भासली नाही.

नोव्हेंबर २००८ मध्ये नरिमन हाऊसमध्ये रब्बी दाम्पत्यासह सहा जणांना मारणाऱ्या पाकिस्तानी अतिरेक्यांना हा भेद मान्य नव्हता. त्यांच्याकडून ती अपेक्षाही नाही. खटकते ते आपल्यातील काहींचे वागणे. इस्रायलच्या जिद्दीविषयी आपल्याकडे आदर आहे आणि तो असावा. परंतु त्या भरात ठाण्याच्या किंवा अलिबागच्या ज्यू कुटुंबाचे ‘तुमचे पंतप्रधान’ म्हणून नेतान्याहूंबद्दल अभिनंदन करणारे उत्साही लोक नकळत माँटेग्यूंचे ते भयच खरे ठरवतात. या कुटुंबांची नावे येथल्याच मतदारयादीत आहेत आणि कित्येकांच्या आडनावांत तर कोकणातले गावही आहे.