साडीचे पडदे आणि आपली शिलाई

चतुर्थी आटोपून चाकरमानी मुंबईला परतले, की मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या शिलाईच्या दुकानांत गाठोडी येऊ लागतात. आईच्या, आजीच्या साड्या. पूर्वी त्यांची गोधडी व्हायची, नाहीतर बोहारणीला देऊन घरात पातेलं यायचं. आता मागणी असते पडद्यांची. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. पुढे तारकर्ली-देवबागात घरोघरी न्याहारी-निवासाच्या पाट्या लागल्या, आणि दिवाळीचे पाहुणे यायच्या आत प्रत्येकाला खोल्या नीटनेटक्या करायच्या असतात. रेडिमेड पडद्यापेक्षा काठाची सुती साडी खिडकीला शोभते, हे घरमालकिणींनी केव्हाच ओळखलंय. आपल्यातले बरेच जण मात्र गाठोडं बघूनच हात जोडतात, नाहीतर ओळखीखातर मिळेल त्या पैशांत काम उरकून देतात. आमच्या मते दोन्ही चूक.

‘जुनीच तर साडी, शिलाई कित्याक इतकी?’ हे ऐकलं नाही असा कारागीर या किनाऱ्यावर नसेल. उत्तर कामातच आहे. नवं कापड ताग्यावरून मोजलं, कापलं की मशिनीखाली जातं. जुनं आधी पारखावं लागतं. साडी उजेडासमोर धरा. ती विरते कमरेला खोचलेल्या भागात आणि निऱ्यांच्या खालच्या काठाला. पदर सहसा धड निघतो. मग दोन्ही अंगठे जवळ ठेवून कापड आडवं ताणा. धागे सरकले किंवा चर्र आवाज आला, तर तो तुकडा बाजूला काढा, अस्तरालाही वापरू नका. फॉल उसवायचा असतो तो वेगळाच. रेशमी साडी असली तर पश्चिमेच्या खिडकीला अस्तराशिवाय लावायला साफ नकार द्या. उन्हानं रेशमाचा जीव जातो, आणि वर्षानुवर्षं ट्रंकेत राहिलेली साडी घडीच्या रेघेवर बहुधा आधीच चिरलेली असते. खाऱ्या हवेत जर काळी पडते, हेही गिऱ्हाइकाला आगाऊ सांगून टाकावं.

मापाच्या बाबतीत मात्र साडी आपल्या घरांना भलतीच सोयीची. सहावारीची लांबी साधारण अठरा फूट, पन्हा पंचेचाळीस इंच. चिऱ्याच्या जुन्या घरांच्या खिडक्या बुटक्या असतात. साडेतीन फूट उंचीच्या खिडकीला पन्हाच उभा घेतला, तर वर दुमडीला तीन इंच उरतात आणि खालचा काठ तसाच राहतो, तिथे दुमड घालावीच लागत नाही. तीन फूट रुंदीला चुण्यांसाठी दुप्पट, म्हणजे सहा-सात फूट कापड पुरतं. एका साडीत दोन खिडक्या होतात, शिवाय विरलेलं टाकून द्यायला चार फूट हाताशी. दाराला साडी लांबीत कापावी. सात फुटांच्या दारासाठी पावणेआठ फुटांचे दोन तुकडे निघतात, काठ बाजूंना उभे येतात. नऊवारीत असे तीन बसतात. आणि रोजच्या वापरातली सुती साडी आटायची तेवढी आटलेली असते, रंगही बहुतेक सोडून झालेला असतो. कोऱ्या सुती कापडाची भिजवाभिजव इथे नाही.

पडद्याचं सगळं वजन वरच्या पट्टीवर येतं. ती नव्या मांजरपाटाचीच हवी, आणि तिला कापडी बंद लावावेत. विरलेल्या कापडाला भोकं पाडून आयलेट ठोकणं म्हणजे फाटायला जागा करून देणं. लोखंडी रिंगा आणि हुक किनाऱ्यावर गंजतात आणि सुती कापडावर पडलेला गंजाचा डाग सहजी जात नाही. सुई अकरा नंबरची, टाका मोठा. बारीक टाक्यांची दाट रेघ घातली, तर जुनं कापड पोस्टाच्या तिकिटासारखं त्याच रेघेवर फाटतं. धाग्याबद्दल आपल्यात दोन तट आहेत. आम्ही सुती धाग्याच्या बाजूचे. पॉलिएस्टरचा धागा टिकतो खरा, पण ओढ बसली की तो तुटत नाही, कापडाला कापतो. उसवलेली शिवण पुन्हा घालता येते.

एवढं सगळं करून मीटरमागे दर लावला, तर पारखणं आणि उसवणं फुकटात गेलं. दर पडद्यामागे लावावा आणि तो नव्या कापडाच्या शिलाईहून कमी असू नये. पारख-उसवणीची ओळ बिलावर वेगळी लिहावी. गिऱ्हाइकाचं कापड वाचलेलं असतंच. आपल्या मजुरीतून त्याला आणखी सूट कशासाठी? किती वर्षं टिकेल याची हमी देऊ नये, चिठ्ठीवर तसं लिहून सही घ्यावी. आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय कात्री लावू नये, कारण कापलेली साडी परत देता येत नाही आणि दुसऱ्या कुणाला विकताही येत नाही.

कुडाळ, कणकवलीकडचे दर किनाऱ्याहून वेगळे असणार. आपण साडीच्या पडद्याला काय घेता, ते पोस्टकार्डावर कळवा. नावं न छापता ते पुढच्या अंकात देऊ.