शीतयंत्रांची विद्या कोठें शिकावी?

महसूल खात्यांत असतांना सातबाऱ्यावर वारसांचीं नांवें चढविण्याचें काम आम्हीं वर्षानुवर्षें केलें. जेथें एक नांव होतें तेथें पांच झालीं. जमीन मात्र तेवढीच राहिली. म्हणून घरांतील एखाद्या मुलानें अगर मुलीनें हुन्नर शिकावा, असें आमचें मत आहे. आणि शेतीस लागून असलेला हुन्नर म्हणजे शीतकरणाचा होय. द्राक्षें तोडल्यावर कांहीं तासांतच थंड करून ० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावीं लागतात. उलट केळीं १३ अंशांखालीं गेलीं कीं त्यांची साल काळवंडते. शीतगृहाचें यंत्र बंद पडलें, तर शहरांतून कारागीर येईपर्यंत माल हातचा जातो.

परंतु ही विद्या शिकावी कोठें? आमच्या परिचयाच्या एका गृहस्थानें एक एकर गहाण ठेवून मुलास एका खासगी वर्गांत घातलें. सहा महिन्यांनीं प्रमाणपत्र हातीं आलें. त्यास मान्यता नाहीं, हें नोकरीच्या वेळीं कळलें. दोष मुलाचा नव्हे, आपणां वडीलधाऱ्यांचा. जमीन घेतांना आपण ३० वर्षांचे फेरफार तपासतों, शाळा निवडतांना मात्र जाहिरातीवर विसंबतों!

सबब आमची सूचना अशी. प्रथम जवळची सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्था पाहावी. शीतकरण व वातानुकूलन शाखेचा तेथील अभ्यासक्रम २ वर्षांचा असून, गणित व विज्ञान घेऊन १० वी उत्तीर्ण झालेल्यास अर्ज करतां येतो. अखेरच्या परीक्षेनंतर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतें. खासगी संस्था असल्यास तिला याच शाखेची मान्यता आहे काय, हें कागद पाहून ठरवावें. मग कर्मशाळेंत स्वतः जावें. विद्यार्थी नळ्या जोडतांना, वायू भरतांना व काढून घेतांना दिसतात, कीं यंत्रांवर धूळ बसली आहे, तें डोळ्यांनीं पाहावें. मोठ्या शीतगृहांतील अमोनिया विषारी आहे, व कांहीं नवे वायू पेट घेतात. त्यांपासून बचाव शिकवितात काय, हेंही विचारावें. १९६१ च्या कायद्यान्वयें विद्यावेतनासह शिकाऊ उमेदवारीची सोय आहे. ती मिळविण्यास संस्था कितपत साहाय्य करिते, हें मागील विद्यार्थ्यांस पुसावें.

कोयता धरणाऱ्या हातानें पाना धरला म्हणून कुळास कमीपणा येत नाहीं. दहावीचा निकाल लागण्यापूर्वींच एक दिवस काढून शाळा पाहून यावी. दिवसाचें काम बुडेल, पण एकर वांचेल.